रिव्हर्ब फक्त शेवटच्या शब्दावर हवाय! : वाचकांचे रेकॉर्डिंगचे प्रश्न

यावेळच्या प्रश्नांत एकच गोष्ट फिरून फिरून येतेय, इफेक्ट (रिव्हर्ब म्हणजे घुमारा, डिले म्हणजे प्रतिध्वनी, असले) गाण्यात मधेच चालू व्हावा, मधेच बंद व्हावा आणि तेही आपोआप, म्हणजे ऑटोमेशनने, दर वेळी माउस धरून बसायला नको. म्हणून माइक आणि साउंड कार्डवाल्यांनी जरा थांबा, आज फक्त हेच घेतो.

प्रश्न : दादा, मी घरीच रीपर सॉफ्टवेअरवर अभंग रेकॉर्ड करतो. आवाज, पेटी, पखवाज आणि टाळ असे ट्रॅक असतात. मला मोठा रिव्हर्ब फक्त धृपदाच्या शेवटच्या ‘विठ्ठला’वर हवाय, बाकी आवाज कोरडा ठेवायचाय. आत्ता मी तेवढा शब्द कापून दुसऱ्या ट्रॅकवर टाकतो आणि तिथे रिव्हर्ब लावतो, पण धृपद परत परत येतं त्यामुळे डोकं उठतं. मित्र म्हणाला बायपास ऑटोमेट कर. केलं, पण शब्द संपला की रिव्हर्ब खाटकन तुटतो आणि कधीकधी ‘टक्’ असा आवाज पण येतो. काय चुकतंय?
*सांगलीहून एक वाचक*

उत्तर : तुम्ही केलं ते बरोबरच आहे, फक्त रिव्हर्बसाठी ती जागा नाही. बायपास ऑटोमेट केलं की प्लगिन (म्हणजे सॉफ्टवेअरमधला तो इफेक्ट) त्या क्षणाला बाजूला होतं, आणि त्याच्या आत जी आस घुमत होती तीही त्याच्याबरोबर जाते. देवळातली घंटा वाजवायची आणि लगेच हाताने धरायची, तसं होतं ते. ‘वेट’चा, म्हणजे इफेक्टच्या आवाजाचा, नॉब शून्यावर आणला तरी तेच, फक्त जरा हळू धरली एवढंच. आणि काही प्लगिनमध्ये उलटी गंमत असते, बंद करताना आत जे घुमत होतं ते तसंच अडकून राहतं आणि पुढच्या वेळी चालू केलं की मागच्या कडव्याचा शेपूट अचानक बाहेर येतो, डिलेमध्ये हे जास्त ऐकू येतं.

‘टक्’चं कारण वेगळं आहे. आवाजाची लाट वर किंवा खाली असताना तुम्ही एका झटक्यात एक सिग्नल काढून दुसरा लावला, तर लाटेत पायरी पडते आणि पायरी पडली की ती टक् अशीच ऐकू येते. शांततेत बदललं तर काही कळत नाही, लांबवलेल्या ‘आ’मध्ये बदललं तर हमखास कळतं.

म्हणून रिव्हर्ब आणि डिलेच्या बाबतीत प्लगिनला हातच लावायचा नाही, ते कायम चालूच ठेवायचं, आणि त्याच्यात आवाज कधी जाऊ द्यायचा तेवढं ऑटोमेट करायचं. म्हणजे सेंड, आवाजाची एक प्रत दुसऱ्या ट्रॅकवर पाठवायची वाट. एक नवा ट्रॅक करा, नाव द्या रिव्हर्ब, त्यावर रीपरबरोबर येणारं रीअव्हर्बेट टाका (दुसरं कुठलं असेल तर तेही चालेल), त्यातला ड्राय पूर्ण खाली आणा, कारण कोरडा आवाज मूळ ट्रॅकवरून येतोच आहे. मग आवाजाच्या ट्रॅकवरचं रूटचं बटण धरून ओढत नेऊन रिव्हर्बच्या ट्रॅकवर सोडा, झाला सेंड तयार. आता आवाजाच्याच ट्रॅकवर एन्व्हलपचं बटण दाबलं की मोठी यादी उघडते, त्यात सेंडचा व्हॉल्यूम असतो, त्यावर टिक करा, ट्रॅकच्या खाली एक रेघ येईल. ती रेघ पूर्ण तळाला न्या आणि फक्त ‘विठ्ठला’ला वर उचला. शब्द झाला की परत खाली. सेंड बंद झाला तरी जेवढा आवाज आधीच रिव्हर्बमध्ये गेलाय तो आपल्या मर्जीने विरत जातो, पुढच्या कडव्याची पहिली ओळ सुरू झाली तरी मागे हलकासा राहतो, आणि तुम्हाला तेच हवंय ना.

आता उचलायची कुठे, यात खरी मजा आहे. ‘विठ्ठला’ हळू म्हणून बघा. ‘वि’ झाल्यावर ‘ठ्ठ’ला जीभ टाळूला चिकटते आणि एक क्षणभर तोंडातून काहीच बाहेर येत नाही. झूम करून वेव्हफॉर्म बघितलात तर तिथे जवळजवळ सपाट पट्टी दिसेल, तुमचा पॉइंट (रेघ जिथे वळते तो ठिपका) नेमका त्या पट्टीत टाका. टक् व्हायला तिथे आवाजच नाही, ‘वि’ कोरडा राहतो आणि ‘ला’ उघडला की अख्खा गाभारा उघडल्यासारखा वाटतो. शब्दाच्या अगदी सुरुवातीला उचललं तर इतकी मजा येत नाही, हे माझं मत, तुम्ही दोन्ही करून ऐका. जिथे असं जोडाक्षर नसेल तिथे पॉइंट एकावर एक उभे टाकू नका, मधे १०-२० मिलिसेकंदांचा उतार ठेवा, तेवढ्याने भागतं.

खाली आणताना मात्र घाई केली तरी चालेल पण उशीर करू नका. ‘ला’ संपल्यावर गाणारा श्वास घेतो, तो श्वास सेंडमध्ये गेला की मोठ्या रिव्हर्बमध्ये कोणीतरी घोरतंय असं ऐकू येतं आणि एकदा ते लक्षात आलं की मग दुसरं काही ऐकूच येत नाही.

धृपद परत परत येतं त्याचंही सांगतो. रीपरमध्ये ऑटोमेशन आयटम म्हणून प्रकार आहे, एका ‘विठ्ठला’वरचा चढउतार निवडून त्याचा आयटम करा आणि पूल्ड कॉपी करून बाकीच्या जागी टाका, मग एकात बदल केला की सगळीकडे होतो. पण गाणारा माणूस दर वेळी त्याच मापात गात नाही त्यामुळे प्रत्येक जागा एकदा कानाने तपासा, जिथे जमत नसेल तिथे तो आयटम पूलमधून सोडवून वेगळा करून घ्या.

रिव्हर्बच्या ट्रॅकवर, रिव्हर्बच्या आधी, एक ईक्यू (आवाजाचे जाडबारीक पट्टे कमीजास्त करणारं प्लगिन) टाकून साधारण २०० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, नाहीतर पखवाजाच्या घुमाऱ्यात तो सगळा चिखल मिसळतो. आणि रिव्हर्बऐवजी डिले फेकायचा असेल तर तो लयीत बसवा, ६०,००० भागिले बीपीएम (मिनिटाला किती मात्रा) केलं की एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात, ९६ च्या लयीला ६२५. अर्थात क्लिकवर, म्हणजे ठेक्याच्या टिकटिकीवर, रेकॉर्ड केलं असेल तरच, टाळ हातात घेऊन मोकळं गायलात तर लय पुढेमागे होणार, तिथे आकडा विसरा आणि कानावर जा.

प्रश्न : आम्ही कॉलेजचे काही जण मिळून श्रुतिका करतोय. एका प्रसंगात नायिका घरात आहे आणि भाऊ फोनवर आहे, मग मधेच प्रसंग भावाच्या खोलीत जातो. त्याचा आवाज आधी फोनमधला आणि मग साधा व्हायला हवा. आमच्याकडे ऑडॅसिटी सॉफ्टवेअर आहे, त्यात इफेक्ट मधेच बंद कसा करायचा तेच सापडत नाहीये.
*कोल्हापूरहून एक वाचक*

उत्तर : सापडत नाही कारण तशी सोयच नाही, ऑडॅसिटीमध्ये एन्व्हलप टूल आहे पण ते फक्त आवाज लहानमोठा करतं. ३.२ आवृत्तीपासून चालू गाण्यावर लावायचे इफेक्ट आले पण ते अख्ख्या ट्रॅकला लागतात, वेळेनुसार चालूबंद होत नाहीत. पण तुमच्या कामाला ऑटोमेशन लागतच नाही, इथे दोन ट्रॅकवाली जुनी पद्धतच जास्त बरी.

भावाचे संवाद ज्या ट्रॅकवर आहेत तो निवडून कंट्रोल डी दाबा, त्याची दुसरी प्रत तयार होईल. वरच्याला नाव द्या खोली, खालच्याला फोन. खालचा पूर्ण निवडून इफेक्टमध्ये फिल्टर कर्व्ह ईक्यू उघडा, त्याच्या तयार प्रीसेटमध्ये टेलिफोन आहे, तो लावा. जुन्या टेलिफोन लाइनवर साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा, त्याच्या खालची छाती आणि वरचा स-श-षचा करकरीतपणा निघून गेला की आपला कान लगेच म्हणतो, फोन! म्हणजे प्रीसेट नसता तरी हाय-पास आणि लो-पास (खालचं आणि वरचं कापणारे फिल्टर) लावून हाताने जमलं असतं.

मग फोनच्या ट्रॅकवर खोलीतले संवाद गप्प करा आणि खोलीच्या ट्रॅकवर फोनवरचे. गप्प करा म्हणतोय, कापून काढू नका, कापलं की पुढचं सगळं मागे सरकेल आणि दोन्ही ट्रॅकचं वेळापत्रक बिघडेल. निवडून कंट्रोल एल दाबलं की तेवढ्या जागी शांतता येते, लांबी तीच राहते.

इथे झटक्यात बदललेलंच चांगलं. रिव्हर्बसारखं विरायचं काही नाही, श्रोता एका खोलीतून दुसऱ्या खोलीत उडी मारतोय आणि ती उडी त्याला कळायलाच हवी. फक्त दोन वाक्यांमधल्या मोकळ्या जागेत बदला. दोन गोष्टी मात्र नाटकवाले हमखास विसरतात. पहिली, पट्टा कापल्यावर आवाज बारीक वाटतो म्हणून फोनचा ट्रॅक थोडा वर घ्यावा लागतो. दुसरी आणि जास्त महत्त्वाची, मागचा आवाज. नायिकेच्या घरी पंखा आणि कुकरची शिट्टी चालू असेल तर प्रसंग भावाच्या खोलीत गेला की ते थांबलं पाहिजे आणि आता नायिकेचा आवाज फोनमधला झाला पाहिजे! भावाचाच आवाज बदलला आणि बाकी सगळं तसंच राहिलं तर ऐकणाऱ्याला वाटतं भाऊच येऊन शेजारी बसला.

प्रश्न : भाई मी एफएल स्टुडिओ सॉफ्टवेअरवर रॅप बनवतो. ड्रॉपला (जिथे बीट जोरात पडते) नाशिक ढोलच्या लूपवर डिस्टॉर्शन चालू व्हावं म्हणून ऑटोमेशन क्लिप केली पण ते ड्रॉपच्या आधीच चालू होतं. पॉइंट तर बरोबर बारवर आहे. आणि चालू झालं की सगळं गाणं लाल लाल होतं.
*ठाण्याहून एक वाचक*

उत्तर : भाई, पॉइंट बरोबर आहे पण दोन पॉइंटमधली रेघ तिरकी आहे. चालूबंदच्या बटणाला अर्धवट असं काही कळत नाही, रेघ चढत चढत अर्ध्याच्या वर गेली की ते चालू होऊन मोकळं, मग तुझा पॉइंट कुठे का असेना. पॉइंटवर राइट क्लिक करून होल्ड निवड, मग रेघ पायरीसारखी सरळ जाते आणि बारवर उभी चढते. क्लिप मात्र मिक्सरमधल्या स्लॉटच्या चालूबंदच्या दिव्यावर राइट क्लिक करूनच बनवलेली असू दे, दिव्याच्या शेजारचा नॉब हा मिक्सचा आहे, गडबडीत तोच ऑटोमेट होतो आणि मग होल्ड लावून पण वेगळंच काहीतरी ऐकू येतं. दिसायला दोन्ही क्लिप सारख्याच असतात, म्हणून क्लिपचं नाव वाचून घे.

मीटर लाल होतंय, म्हणजे आवाज मर्यादेबाहेर जातोय, कारण डिस्टॉर्शन आवाज चिरडून वर आणतं. ढोलचा तो एकच तुकडा लूपवर लाव, प्लगिन हाताने चालू-बंद चालू-बंद करत आउटपुट कमी करत जा, दोन्ही वेळेला सारखाच मोठा वाटला पाहिजे. मग ठरव की ड्रॉपला थोडा जास्त हवाय का आणि तेवढाच वाढव. नाहीतर होतं काय की आपल्याला वाटतं डिस्टॉर्शन भारी लागलंय आणि खरं म्हणजे नुसता व्हॉल्यूम वाढलेला असतो. ढोलच्या टिपरूची धार ठेवायची असेल तर डिस्टॉर्शन वेगळ्या ट्रॅकवर टाकून खाली मिसळ, मूळ ढोल तसाच चालू दे.

बाकीचे सॉफ्टवेअरवालेही हेच विचारतात, तर जाता जाता. एबलटनमध्ये ए दाबून ऑटोमेशन उघडा, डिव्हाइस निवडा आणि यादीतलं पहिलं ‘डिव्हाइस ऑन’ घ्या. लॉजिकमध्येही ए, मग त्या प्लगिनच्या यादीत बायपास. प्रो टूल्समध्ये प्लगिनच्या खिडकीत ऑटोमेशनची यादी उघडून मास्टर बायपास आधी त्यात घालावं लागतं, घातल्याशिवाय ट्रॅकवर दिसत नाही, यावर खूप जण अडतात. आणि एबलटनमध्ये ऑटोमेशन केलेलं बटण तुम्ही नंतर हाताने हलवलंत तर ते ऑटोमेशन तात्पुरतं सुटतं, रेघ करडी होते, वरच्या पट्टीत रि-एनेबलचं बटण पेटतं, ते दाबलं की परत जागेवर. ‘माझं ऑटोमेशन चालत नाही’ म्हणून आलेल्या बऱ्याच पत्रांचं उत्तर एवढंच आहे.

प्रश्न : माझा लॅपटॉप जुना आहे, प्रोजेक्ट मोठा झाला की आवाज तुटतो. जिथे इफेक्ट लागत नाही तिथे ते ऑटोमेशनने बंद ठेवले तर लॅपटॉपला आराम मिळेल का?
*नांदेडहून एक वाचक*

उत्तर : फार नाही. बायपास आणि पूर्ण बंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उदाहरणार्थ क्यूबेसमध्ये बायपास केलेलं प्लगिन मागे काम करतच राहतं, म्हणूनच ते गुळगुळीत चालूबंद होतं, आणि ऑफ केलं तर खरोखर थांबतं. रीपरमध्ये ऑफलाइन केलं की ते मेमरीतूनही निघतं (इफेक्टवर कंट्रोल शिफ्ट क्लिक), पण हे गाणं चालू असताना मधेच करायचं काम नाही, परत आत आणायला वेळ लागतो.

शिवाय समजा कुठेतरी बायपासने थोडा भार हलका झाला, तरी आवाज तुटतो तो सगळ्यात गर्दीच्या जागी, म्हणजे जिथे सगळे इफेक्ट चालू आहेत तिथेच! बाकी गाण्यात आराम देऊन उपयोग काय. जो ट्रॅक झालाय तो फ्रीझ करा, म्हणजे इफेक्टसकट पक्का करून ठेवा, ही सोय रीपर, एबलटन, लॉजिक, क्यूबेस सगळ्यांत आहे, आणि मिक्स करताना बफर (आवाजाचे किती नमुने एकदम हाताळायचे तो आकडा) १,०२४ वर ठेवा. ४८ किलोहर्ट्झला तो साधारण २१ मिलिसेकंद होतो, गाताना हेडफोनमध्ये त्रास देतो पण मिक्सला काही फरक पडत नाही.

आणखी एक सावधगिरी, लुकअहेडवाले लिमिटर, लिनियर फेजचे ईक्यू, काही नॉइझ रिडक्शन ही प्लगिनं आवाज उशिरा बाहेर सोडतात आणि सॉफ्टवेअर बाकीचे ट्रॅक तेवढेच थांबवून सगळं जुळवून घेतं. अशी प्लगिनं गाण्याच्या मधे पूर्ण बंद केलीत तर तो हिशेब तिथल्या तिथे बदलतो आणि उचकी लागल्यासारखं ऐकू येतं. ती चालूच ठेवा आणि त्यातला एखादा नॉब ऑटोमेट करा.

प्रश्न : मिक्स पूर्ण झाल्यावर गायिका म्हणाली दुसरा अंतरा आधी घेऊ. मी क्लिप हलवल्या आणि सगळे डिले भलत्याच शब्दांवर पडायला लागले!
*नाशिकहून एक वाचक*

उत्तर : गायिकेला काही बोलू नका, सॉफ्टवेअरचं सेटिंग बघा. ऑटोमेशन ट्रॅकच्या वेळेला चिकटलेलं असतं, क्लिपला नाही. रीपरमध्ये ‘मूव्ह एन्व्हलप पॉइंट्स विथ मीडिया आयटम्स’ चालू करा, टूलबारवर त्याचं बटण आहे. एबलटनमध्ये लॉक एन्व्हलप्स बंद असायला हवं. लॉजिकमध्ये रीजनचं ऑटोमेशन आणि ट्रॅकचं ऑटोमेशन असे दोन प्रकार आहेत, एका शब्दावर फेकायच्या गोष्टी रीजनमध्ये ठेवल्या की त्या क्लिपबरोबर जातात. आता जे हललंय त्यासाठी अनडू करत हलवण्याच्या आधीपर्यंत मागे जा आणि सेटिंग बदलून परत हलवा, एकेक पॉइंट ओढत बसू नका.

प्रश्न : मी गिटार वाजवतो. माउसने पॉइंट टाकून केलेले इफेक्ट फार हिशेबी वाटतात. गाणं चालू असताना हातानेच डिले फेकता आला तर? आणि ते रेकॉर्ड होईल का?
*मडगावहून एक वाचक*

उत्तर : होईल की, आणि करून बघाच, या प्रकाराचं मूळच तिथे आहे. १९७० च्या दशकात जमैकात किंग्स्टनला किंग टबी हा इंजिनिअर आधी रेकॉर्ड झालेलं गाणं मिक्सरवर घ्यायचा आणि गाणं चालू असतानाच फेडर खालीवर करत एखादा शब्द, एखादा स्नेअरचा ठोका तेवढाच एकोमध्ये ढकलायचा, बाकी सगळं गायब. डब म्हणतात ते हेच. तिथे ऑटोमेशन नव्हतं, हात चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

तुमच्याकडे फेडर किंवा नॉब असलेला छोटा मिडी कंट्रोलर (सॉफ्टवेअर हाताने चालवायचं यंत्र) असेल तर तो सेंडला जोडा, सस्टेन पेडल जोडलंत तर पायानेही सेंडचं म्यूट उघडझाप करता येईल, म्हणजे दोन्ही हात गिटारला मोकळे. मग ट्रॅकचा ऑटोमेशन मोड बदला. टचमध्ये जोपर्यंत नॉब धरलाय तोपर्यंतच लिहिलं जातं, सोडला की जुनी रेघ परत येते, फेकायच्या डिलेला हाच बरा. लॅचमध्ये सोडल्यावरही शेवटची जागा कायम राहते, गाणं थांबेपर्यंत, सावकाश वाढत जाणाऱ्या गोष्टींना तो. फक्त एक लक्षात घ्या, साध्या मिडी नॉबवरून बोट उचललं तरी सॉफ्टवेअरला ते कळत नाही, तो हलायचा थांबला एवढंच कळतं, त्यामुळे टचमध्ये नॉब वर नेऊन नुसता धरून ठेवलात तर थोड्या वेळाने ते सोडला असं समजतं. लांब धरायचं असेल तर लॅच घ्या आणि हातानेच खाली आणा.

राइट मोड मात्र जपून. तो प्ले दाबल्यापासून सगळं पुसत नवं लिहीत जातो, तुम्ही काही हलवलं नाही तरी. एक पास झाला की लगेच रीडवर (नुसतं वाचणाऱ्या मोडवर) आणा, नाहीतर मित्राला ऐकवायला म्हणून प्ले दाबाल आणि आत्ताच फेकलेले सगळे डिले सपाट रेघ होऊन बसतील.